संगणक सुरू होत नाही, म्हणून हिशेब पुसू नका

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. भाकरी थापत असाल तर थापा, शेंगा फोडत असाल तर फोडा. फक्त जवळ एखादी वही आणि पेन असू द्या. मध्ये मध्ये मी काही बटणांची नावं सांगणार आहे. ती नेमकी अडचणीच्या दिवशी आठवत नाहीत, म्हणून लिहून ठेवलेली बरी.

आज बोलायचं आहे संगणकाबद्दल. आपल्या गटात, ग्रामसंघात, शिवणकामाच्या दुकानात नाहीतर मुलांच्या अभ्यासासाठी घरात आता एखादा संगणक असतो. त्यातल्या काही संगणकांत दोन प्रणाली असतात, एक विंडोज आणि दुसरी लिनक्स. याला ड्युअल बूट म्हणतात. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून तर जुन्या संगणकात विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवून घेण्याकडे बऱ्याच जणांचा ओढा आहे. हा संगणक एके दिवशी नीट सुरू झाला नाही तर काय करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, ते आज सांगते. मी काही इंजिनिअर नाही. गटाची सचिव आहे. माझी फजिती झाली म्हणून मला हे कळलं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सोमवार होता. बुधवारी बँकेत गटाचा कर्जप्रस्ताव द्यायचा होता. आम्ही ११ जणी. तीन वर्षांची बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, कुणाचा किती हप्ता आला, सगळं मी संगणकात ठेवते. वही आहे, नाही असं नाही. पण वहीतली शेवटची नोंद पाच महिन्यांपूर्वीची. संगणक आल्यावर मी वहीचा आळस केला, हे आधीच कबूल करते.

आमचा संगणक टेबलावरचा, जुना. गटाचे जुने ठराव आणि पत्रं श्रीलिपीत टाइप केलेली, त्यासाठी विंडोज लागतं. पण ते फार हळू चालायला लागलं, म्हणून अध्यक्ष काकूंच्या नातीने शेजारी उबुंटू बसवून दिलं. उबुंटू म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. पैसे पडत नाहीत. हिशेब मी तिकडेच ठेवायला लागले. रोज बटण दाबलं की पडद्यावर यादी यायची, वर उबुंटू, खाली विंडोज. बाणाने निवडायचं आणि एंटर दाबायचं.

त्या सोमवारी पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लिहून आलं. शेवटी एफ-१ दाबा असं होतं. मी न वाचता दाबलं. यादी आलीच नाही, सरळ विंडोज उघडलं. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. उबुंटूचं नावनिशाण नाही. हिशेब तर सगळा तिकडे.

तालुक्याहून दुरुस्तीवाले दादा बोलावले. त्यांनी डिस्कचे भाग दाखवणारी खिडकी उघडली, एका भागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हे बघा, हा भाग शंभर टक्के मोकळा दाखवतोय. तुमचं लिनक्स उडालं. फॉरमॅट मारतो, नवीन विंडोज टाकतो, तासाभरात मशीन पळायला लागेल."

माझ्या पोटात गोळा आला. ११ जणींचा पैसा, आणि उत्तर द्यायची मी. तरी मी मान हलवणारच होते, कारण समोरचा माणूस जाणकार आणि मला काही कळत नाही, असंच आपण धरून चालतो. काकू तेवढ्यात म्हणाल्या, "दादा, आधी चहा घ्या. तोवर मी नातीला विचारते."

नात आयटीआयला संगणकाचा कोर्स करते. फोनवर तिने पहिला प्रश्न विचारला, "काकी, संगणकातलं घड्याळ किती वाजले म्हणतंय?"

मला रागच आला. इथे हिशेब बुडतोय आणि ही वेळ विचारते. पण बघितलं तर तारीख जानेवारीची, आणि सालही कित्येक वर्षांपूर्वीचं.

ती म्हणाली, "आतली बॅटरी संपली काकी. हिशेब कुठे गेलेला नाही. फॉरमॅट मात्र अजिबात करू देऊ नका."

मग तिने सांगितलं तसं केलं. संगणक बंद केला. पुन्हा चालू करून लगेच एफ-१२ चं बटण टकटक दाबत राहिले. एक छोटी यादी आली. त्यात विंडोज होतं आणि खाली उबुंटूही होतं. बाण खाली नेला, एंटर दाबलं. दोन मिनिटांत माझी फाइल समोर उघडली. शेवटची नोंद शनिवारच्या बैठकीची, जशीच्या तशी. काकूंनी हात जोडले. दुरुस्तीवाले दादाही खुर्ची ओढून बघायला लागले. ते काही लबाड नव्हते. त्यांच्याकडे एकट्या विंडोजचीच यंत्रं येतात, त्यांना त्याच दुरुस्तीची सवय. पण त्या सवयीपायी आमची तीन वर्षं पुसली गेली असती.

आता हे झालं कसं, ते सांगते. ते समजलं की अर्धी भीती जाते.

आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की एकाच घरात दोन चुली मांडतात. अंगण एक, बाहेरचं दार एक, पण आत दोन संसार. दोन प्रणालींचा संगणक तसाच. डिस्क एकच, तिचे भाग वेगळे. एका भागात विंडोजचा संसार, दुसऱ्यात लिनक्सचा.

तुम्ही बटण दाबता तेव्हा विंडोज किंवा लिनक्स लगेच जागं होत नाही. आधी जागा होतो यंत्रातच कायम बसवलेला एक छोटा प्रोग्राम. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. तो आधी मेमरी, कळफलक, डिस्क जागेवर आहेत का ते तपासतो. मग ठरलेल्या क्रमाने बघतो की कुणाला हाक मारायची. लिनक्स बसवलेल्या संगणकात बहुतेक वेळा ती हाक ग्रब नावाच्या प्रोग्रामला जाते. ग्रब म्हणजे बाहेरच्या दारात उभी राहून विचारणारी बाई, "कुणाकडे आलात? थोरल्याकडे की धाकट्याकडे?" आपण बघतो ती यादी तिचीच. आपण सांगितलं की ती त्या दाराशी नेऊन सोडते, आणि मग विंडोज किंवा लिनक्स सुरू होतं.

आमच्याकडे काय झालं? कुणाला आधी हाक मारायची, हा क्रम आणि घड्याळाची वेळ जपायला टेबलावरच्या संगणकाच्या मुख्य पाटीवर रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते. बहुतेक यंत्रांत ती सीआर २०३२ नावाची, ३ व्होल्टची. वीज असते तोवर तिला फारसं काम नाही. पण आपण पावसाळ्यात विजेच्या भीतीने भिंतीवरचं बटण बंद करतो, आणि मग सगळा भार तिच्यावर. ती काही वर्षांनी संपते. आमची संपली, तसं घड्याळ मागे गेलं आणि क्रम कारखान्यातून आला होता तसा झाला, विंडोज पहिलं. दारातल्या बाईला कुणी हाकच मारली नाही. ती होती, धाकट्याचा संसारही होता. फक्त पाहुणा परस्पर थोरल्याच्या घरात जात होता.

आणि तो "शंभर टक्के मोकळा" भाग? विंडोजला लिनक्सच्या भागातली लिपी वाचता येत नाही. ज्याला मोडी येत नाही त्याला मोडीतला दस्तऐवज म्हणजे नुसत्या रेघोट्या, तसं. त्यामुळे विंडोजची ती खिडकी भरलेला भागही मोकळा असल्यासारखा दाखवते. हे वाक्य वहीत लिहून घ्या: विंडोजमधून मोकळा दिसणारा भाग मोकळा असेलच असं नाही.

आता तुमच्याकडे अडचण आली तर कोणत्या पायरीवर आली, ते आधी ओळखायचं. डॉक्टरकडे गेल्यावर ते पहिल्यांदा विचारतात, कुठे दुखतंय? तसंच. खालच्या पायरीवरून सुरुवात करू.

पहिली पायरी, वीज. बटण दाबल्यावर पंख्याचा आवाज येतो का, दिवा लागतो का? काहीच होत नसेल तर प्रश्न विजेचा. वायर, बोर्ड, स्टॅबिलायझर बघा. विंडोज-लिनक्सचा इथे काही संबंध नाही, तेव्हा कुणी या पायरीवर फॉरमॅटची भाषा केली तर सरळ नाही म्हणा.

दुसरी पायरी, पडद्यावर कंपनीचं नाव किंवा चिन्ह येतं का? पंखा फिरतोय पण पडदा काळा, तर आधी पडद्याची वायर दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का बघा. ती ठीक असेल आणि यंत्र पी-पी असा आवाज देत असेल, तर बहुधा मेमरीची पट्टी किंवा आतलं काही सैल झालंय. ते काम दुरुस्तीवाल्याचं. तेव्हाही फायली डिस्कवर सुखरूप असतात.

तिसरी पायरी. कंपनीचं नाव आलं, आणि मग इंग्रजीत संदेश आला की सुरू करण्याजोगं काही सापडत नाही. अशा वेळी पहिल्यांदा संगणकाला लावलेले पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड काढा. यंत्र कधी कधी त्या पेन ड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतं. ते काढून पुन्हा चालू करा. तरी तेच झालं, तर यंत्राच्या सेटिंगमध्ये जा. त्यासाठी चालू करताक्षणी बहुतेक यंत्रांत एफ-२ किंवा डिलीट दाबत राहावं लागतं. तिथे डिस्कचं नाव दिसतंय का, एवढंच बघायचं. नाव दिसत नसेल तर डिस्कची वायर सुटली असेल किंवा डिस्क आजारी असेल. डिस्कमधून टकटक, करकर आवाज येत असेल तर यंत्र पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. दर खेपेला नुकसान वाढू शकतं. आधी फायली काढून देणारा जाणकार शोधा, बाकीचं मागाहून.

चौथी पायरी, आमच्यासारखी. डिस्क आहे, पण यादी न येता सरळ एकच प्रणाली सुरू होते. तेव्हा त्या एका वेळेपुरती निवड करायची यादी उघडायची. तिचं बटण कंपनीप्रमाणे बदलतं. बऱ्याच ठिकाणी एफ-१२, कुठे एफ-९, एफ-८, एफ-११, कुठे एस्केप. तुमच्या यंत्राचं कोणतं, ते आज सगळं ठीक असतानाच शोधा आणि वहीत लिहा. यादीत लिनक्सचं नाव दिसलं आणि ते सुरू झालं, तर काहीही गेलेलं नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन तो क्रम कायमचा बदलायचा.

त्या यादीत नावच नसेल तर? कधी कधी सेटिंग मूळ अवस्थेत गेल्यावर यूईएफआयच्या जागी जुनी पद्धत, म्हणजे लेगसी, सुरू होते. ज्या पद्धतीत प्रणाली बसवल्या, तीच पद्धत चालू हवी. म्हणून सगळं ठीक असताना सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग आधी कसं होतं, हे कुणाला आठवायला लागत नाही.

इथे एक धोक्याची सूचना. नव्या लॅपटॉपमध्ये विंडोजचा भाग बऱ्याचदा कुलूपबंद असतो. त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. यंत्राच्या सेटिंगमध्ये, विशेषतः सिक्युअर बूटमध्ये हात घातला की ते कुलूप ४८ आकडी किल्ली मागू शकतं. ती किल्ली बहुतेक वेळा लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सुरू केला त्यात साठवलेली असते. सेटिंग बदलण्याआधी ती शोधून कागदावर उतरवून घ्या. किल्ली नसेल तर आतलं आतच राहतं.

पाचवी पायरी. यादी येते, पण तिच्यात विंडोजचं नाव नाही. घाबरू नका. २०२१ मध्ये आलेल्या ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून दुसऱ्या प्रणालींचा शोध घेण्याचं काम आपोआप होत नाही, ते मुद्दाम चालू करावं लागतं. लिनक्स जाणणाऱ्याला एवढंच सांगा की ओएस-प्रोबर चालू करून ग्रबची यादी नव्याने बनवून दे. दहा मिनिटांचं काम आहे.

सहावी पायरी. यादी नाही, नुसता काळा पडदा आणि ग्रब रेस्क्यू असे शब्द. म्हणजे दारातली बाई आली, पण तिची वही हरवली. असं बहुतेक वेळा कुणीतरी विंडोजमधून "हा मोकळा भाग कशाला ठेवलाय" म्हणून लिनक्सचा भाग काढून टाकला किंवा डिस्कचे भाग इकडचे तिकडे केले की होतं. घरात विचारा, रागावू नका, नाहीतर मुलं खरं सांगत नाहीत. भाग नुसता काढलेला असेल आणि त्याच्यावर नवीन काही लिहिलं गेलं नसेल, तर जाणकाराला तो परत मिळवता येण्याची आशा असते. म्हणून तेव्हा त्या यंत्रावर नवीन काही बसवू नका.

सातवी पायरी. यादी आली, निवड केली, आणि अर्ध्या रस्त्यात गाडी अडली. म्हणजे बाहेरचं दार ठीक आहे, अडचण त्या एका संसारात आहे. लिनक्स असेल तर यादीत अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स नावाची ओळ असते. तिच्यात आधीची आवृत्ती निवडून बघा, बऱ्याचदा ती सुरू होते. विंडोज असेल तर ते स्वतःच दुरुस्तीचं पान दाखवतं. तिथे स्टार्टअप रिपेअर निवडायला हरकत नाही. पण सगळं काढून टाका असा अर्थ असलेला पर्याय दिसला, तर हात मागे घ्या.

आणि या सगळ्याच्या आधी, कोणत्याही मोठ्या दुरुस्तीच्या आधी, फायली बाहेर काढायच्या. डिस्क चांगली असेल तर ते अवघड नाही. लिनक्सचा सुरू होणारा पेन ड्राइव्ह बनवता येतो, ८ जीबीचा असला तरी चालतो. तो लावून, एफ-१२ च्या यादीतून निवडून, काहीही न बसवता नुसतं "वापरून बघा" असं म्हणायचं. संगणक पेन ड्राइव्हवरून चालतो, आतली डिस्क दिसते, आणि लिनक्सला विंडोजचेही भाग वाचता येतात. फक्त कुलूप लावलेल्या भागाची किल्ली लागेल. मग आपल्या फायली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवायच्या. घरात आग लागली तर आपण आधी लेकरं बाहेर काढतो, भिंतींचं मागाहून बघतो. हे तसंच.

आता घड्याळाचं एक गंमतशीर सांगते, कारण त्यावरून रोग ओळखता येतो. विंडोज आणि लिनक्स यंत्रातलं एकच घड्याळ वेगवेगळ्या रीतीने वाचतात. विंडोज समजतं की त्यात आपली भारतीय वेळ आहे. लिनक्स समजतं की त्यात जागतिक प्रमाणवेळ आहे, आणि स्वतः ५ तास ३० मिनिटं मिळवून दाखवतं. म्हणून एकीकडून दुसरीकडे गेल्यावर वेळ बरोबर साडेपाच तास पुढे-मागे दिसली, तर ते दोघांचं नेहमीचं भांडण. लिनक्समध्ये एक छोटी सूचना देऊन ते मिटवता येतं. पण तारीखच काही महिने किंवा वर्षं मागे गेली, तर बॅटरी बघा. आमच्या यंत्राचं घड्याळ त्या सोमवारच्या आधी दोन आठवडे मागे पडत होतं. मी रोज ते नीट करायचे आणि विसरून जायचे. त्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

ती बॅटरी मला तालुक्याच्या घड्याळजीकडे पन्नास रुपयांत मिळाली. बदलताना संगणक बंद करायचा, भिंतीची वायर काढायची, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज जाते. बॅटरीची अधिक चिन्हाची बाजू आधी जशी होती तशीच ठेवायची. मग तारीख, वेळ आणि क्रम पुन्हा लावायचा. लॅपटॉप मात्र स्वतः उघडू नका, त्याची रचना वेगळी असते. आणि मैत्रिणींनो, जुनी बॅटरी टेबलावर टाकून देऊ नका. लहान मुलाने गिळली तर ती अन्ननलिका जाळते. जिवावर बेततं. तशी शंका जरी आली तरी घरगुती उपाय न करता तडक दवाखान्यात न्या.

कुणी म्हणेल, हे आमच्या जुन्या यंत्राचं रडगाणं. तसं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभरात अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरू होईना. पडद्यावर आलेल्या संदेशाचा अर्थ होता, काहीतरी गंभीर बिघडलं आहे. वाचून कुणाचीही छाती दडपावी. प्रत्यक्षात दारावरच्या तपासणीचे नियम बदलले होते आणि जुनं ओळखपत्र चालेनासं झालं होतं. आतल्या फायली जागच्या जागी होत्या. पडद्यावरचे शब्द कितीही भयंकर असोत, फॉरमॅटची घाई करायची नाही, ती यासाठी.

पुढे असं होऊ नये म्हणून आमच्या गटाने काही नियम केले. तेही सांगते.

एक, दर महिन्याच्या बैठकीनंतर हिशेबाची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवायची आणि तो पेन ड्राइव्ह संगणकाजवळ न ठेवता काकूंच्या कपाटात ठेवायचा. तीन महिन्यांतून एकदा तो लावून फाइल खरंच उघडते का, ते बघायचं. दोन, महिन्याचा गोषवारा छापून वहीत चिकटवायचा आणि त्यावर तिघींच्या सह्या घ्यायच्या. तीन, बँकेच्या किंवा लेखापरीक्षणाच्या आदल्या दिवशी कोणतंही अपडेट करायचं नाही. चार, विंडोजमधली फास्ट स्टार्टअप नावाची सोय बंद ठेवायची. ती चालू असली की विंडोज बंद केल्यावरही पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला त्याच्या भागात लिहिता येत नाही. पाच, पडद्यावर संदेश आला तर बटण दाबायच्या आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा. इंग्रजी कळलं नाही तरी चालेल, फोटो तर दाखवता येतो.

शेवटचं, दुरुस्तीवाल्याशी कसं बोलायचं ते. आपण गवंड्याला विचारतो, सुताराला विचारतो, मग इथेच का गप्प बसतो? तीन प्रश्न विचारा. दादा, अडचण कोणत्या पायरीवर आहे? माझ्या फायली आता कुठे आहेत? आणि फॉरमॅट करण्याआधी त्या काढून मला उघडून दाखवाल का? याची उत्तरं मिळाली नाहीत तर यंत्र पिशवीत घालून परत आणा. एक दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. पुसलेला हिशेब मात्र परत आणणं फार अवघड.

बुधवारी आम्ही बँकेत गेलो. प्रस्ताव दिला. साहेबांनी तीन वर्षांचं खातं मागितलं, तेही दिलं. संगणकाच्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, एफ-१२, उबुंटू, आणि खाली, फॉरमॅटला काकूंची परवानगी लागेल. दुरुस्तीवाले दादा परवा आले तेव्हा त्यांनी तो कागद वाचला, हसले, आणि त्याचा फोटो काढून घेऊन गेले.

तुम्हीही आज एवढंच करा. संगणक चांगला चालतोय तोवरच ते बटण शोधा, आणि वहीत लिहा.